‘गॅसोट्रान्समीटर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: गर्भारपणातल्या वाढत्या रक्तदाबावर मराठीत लिहिताना ‘गॅसोट्रान्समीटर’साठी, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या वायूच्या रेणूंसाठी, ‘वायुपारेषक’ चालेल का?

‘न्यूरोट्रान्समीटर’ला चेतापारेषक म्हणतात, त्यावरून हा शब्द बेतलाय हे उघड आहे. पण चेतापारेषक चेतांमधला निरोप पोचवतो. त्या चालीनं वायुपारेषक म्हणजे वायू पोचवणारा, थोडक्यात गॅसची पाइपलाइन. इथे तर वायू हाच निरोप्या. ‘वायुदूत’ अर्थाला जवळचा, पण जुन्या मंडळींना त्या नावाची विमानसेवाच आठवेल. आणि गर्भवतीच्या संदर्भात नुसतं ‘वायू’ लिहिलंत, तर वाचणारी पोटातले गॅसेस समजणार, नाहीतर वात. हे रेणू बुडबुड्यांसारखे फिरत नाहीत, पेशींत आणि रक्तात विरघळलेले असतात.

म्हणून पहिल्यांदा ‘संदेशवाहक वायुरेणू’ लिहावं आणि पुढे थेट नावं घ्यावीत: नायट्रिक ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड. सुटा ‘वायू’ दीर्घ, समासात ‘वायु’ ऱ्हस्व.

संदेश म्हणजे नेमकं काय, हे एकदा उलगडून सांगितलंत की शब्द आपोआप पचतो. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातल्या पेशी आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतात. तो शेजारच्या स्नायुपेशीत शिरतो, स्नायू सैलावतो, वाहिनी रुंदावते. काही सेकंदांत रेणू संपतोही. प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गर्भारपणात रक्तदाब वाढवणाऱ्या विकारात, गर्भाशयाच्या नागमोडी धमन्या पुरेशा रुंदावलेल्या नसतात. रक्त कमी पडलेली वार (प्लासेंटा) एक प्रथिन जास्त प्रमाणात रक्तात सोडते. अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायला लावणारे वाढघटक (पेशींच्या वाढीला चालना देणारे रेणू) ते प्रथिन पकडून ठेवतं. मग आईच्या वाहिन्या आवळतात आणि विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्यावर जातो. सोबत लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, नाहीतर यकृत, मूत्रपिंड अशा एखाद्या अवयवाला इजा दिसते.

या परिच्छेदात मी ‘वार’ लिहिलंय, ‘नाळ’ नाही. नाळ म्हणजे बाळाच्या बेंबीपासून वारेपर्यंतची दोरी. ‘प्लासेंटा’ला सर्रास नाळ लिहिलेलं दिसतं, ते चूक. ‘अपरा’ बरोबर आहे, पण पाठ्यपुस्तकी.

नायट्रिक आणि नायट्रस यांची अदलाबदल मात्र महागात पडते. नायट्रस ऑक्साइड हा हसवणारा वायू. प्रसूतिकळांच्या वेळी निम्मा तो आणि निम्मा ऑक्सिजन असं मिश्रण मास्कमधून हुंगायला देतात. वाहिन्या सैलावणारा तो नव्हे. मुद्रितशोधनात हा शब्द दोनदा तपासा.

कार्बन मोनॉक्साइडला ‘उपयुक्त वायू’ असं विशेषण लावू नका. हीमोग्लोबिनमधलं हीम (त्यातला लोहयुक्त भाग) मोडताना शरीर तो अत्यल्प बनवतं आणि तेवढ्यापुरता तो वाहिन्या सैलावायला हातभार लावतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमधून येणारा तोच रेणू हीमोग्लोबिनला चिकटून आईचा आणि गर्भाचाही प्राणवायू अडवतो.