दूषित जमीन साफ करण्यातच पर्यावरणाचं जास्त नुकसान होतं का?

बंद कारखान्यातली विषारी माती उपसून नेण्यात एवढं डिझेल जळतं, तर ती तिथेच पडून राहिलेली काय वाईट, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न रास्त आहे. फक्त तो जमिनीच्या मालकाच्या तोंडून आला की मी जरा सावध होतो.

आधी डिझेलचाच हिशोब मांडू. अर्धा हेक्टर जागा दोन मीटर खोल खणली की १०,००० घनमीटर माती निघते, वजनाला साधारण १७,००० टन. २० टनी डंपरच्या ८५० खेपा झाल्या. टाकायची जागा १०० किलोमीटरवर आणि गाडी लिटरला तीन किलोमीटर देणारी धरली, तर जाऊन-येऊन ५६ हजार लिटरांवर डिझेल लागतं आणि सुमारे १५० टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. खड्डा बुजवायला दुसरीकडून चांगली माती खणून आणायची, ती वेगळीच. शिवाय विष संपत नाही, नुसता मुक्काम हलवतं. जपानमधल्या फुकुशिमात २०११ च्या अणुअपघातानंतर शेताअंगणांतला वरचा थर खरवडून काढला. सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर माती गोळा झाली आणि ती २०४५ पर्यंत प्रांताबाहेर न्यायचं कायद्यानं ठरलंय. शेतातला वरचा थर गेला की सुपीकताही त्याच पोत्यांत भरून जाते.

मी अशा कामांचे अहवाल तपासतो. एका ठिकाणी भूजल उपसून कोळशाच्या गाळणीतून सोडत होते. पहिल्या वर्षी पाण्यातल्या द्रावकाचं (तेल-ग्रीस विरघळवणाऱ्या रसायनाचं) प्रमाण झपाट्यानं उतरलं, मग आलेख आडवाच झाला. पंप बंद केला की काही महिन्यांत आकडे पुन्हा वर, कारण चिकणमातीत मुरलेलं द्रावक हळूहळू झिरपत राहतं. गाळणीतला कोळसा पुन्हा वापरायचा तर ८०० अंशांच्या आसपास तापवावा लागतो. अशा वेळी जमिनीतल्या जिवाणूंना मळीसारखं खाद्य देऊन काम त्यांच्यावर सोपवणं मला बरं वाटतं. मात्र ते अर्ध्यावर थांबले तर ट्रायक्लोरोएथिलीन या द्रावकापासून व्हिनाइल क्लोराइड उरतं, आणि ते मूळ विषाहून घातक. म्हणून विहिरींचे नमुने घेणं सोडता येत नाही.

शिशाचं तसं नाही. शिसं कुजत नाही, कितीही वाट पाहिली तरी कमी होत नाही. मूल मातीत खेळतं, तोच हात तोंडात घालतं. इथे १५० टन कार्बन डायऑक्साइड एका पारड्यात आणि मुलाच्या रक्तातलं शिसं दुसऱ्यात, असं तोलताच येत नाही. विष माणसापर्यंत पोचत असेल तर ती वाट तोडायचीच. खणून तोडायची, की स्वच्छ मातीच्या जाड थराखाली झाकून, हे ठरवताना डिझेल मोजा. झाकणं बहुतेकदा हलकं पडतं, पण ते झाकण पुढची कित्येक वर्षं राखायला कोण बांधील आहे, ते लेखी हवं.

तुमच्या हाती सफाईच्या पर्यायांची तुलना करणारा अहवाल आला तर ‘काहीच न करणे’ हा रकाना आधी वाचा. डिझेल शून्य, वीज शून्य, ट्रक शून्य असं तिथे लिहिलेलं असतं. शेजारच्या विहिरीचं पाणी कोण पितं, याची ओळ मला अनेकदा सापडलेली नाही.