जपानमध्ये शिकताना शनिवार-रविवारच्या सुटीत क्योतोचा गिओन उत्सव नीट पाहता येईल का, की त्यापेक्षा दोन दिवसांत प्रसिद्ध मंदिरे पाहून घ्यावीत?

जुलैतला हा रथांचा उत्सव पाहता येईल, मात्र त्याच्या तारखा वार पाहून ठरत नाहीत हे आधी लक्षात घ्या. रथांची पहिली मिरवणूक १७ जुलैला आणि दुसरी २४ जुलैला निघते, मग त्या दिवशी कोणताही वार असो. जुलैचा तिसरा सोमवार जपानमध्ये सार्वजनिक सुटीचा असल्यामुळे काही वर्षी १७ तारीख सुटीला जोडून येते. तशी आली नाही तर एक दिवस वर्ग बुडवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही ओसाकात राहणार आहात, त्यामुळे क्योतोत महागडी खोली घेण्याची गरज नाही. ओसाकातल्या उमेदाहून सुटणारी हांक्यू रेल्वेची जलद गाडी सुमारे ४०० येनमध्ये पाऊण तासात क्योतोतल्या कारासुमा स्थानकात पोहोचवते आणि जिना चढून वर आलात की रथ तिथेच उभे असतात.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या वाक्याने मात्र मला लिहायला बसवले. ‘जपानी लोकांच्या रक्तातच शिस्त असल्यामुळे एवढ्या गर्दीचाही त्रास होत नाही, असे ऐकले आहे,’ असे तुम्ही लिहिले आहे. हेच वाक्य मी ओसाकात शिकत असताना परिचयातल्या एका ज्येष्ठ मराठी गृहस्थांकडून वारंवार ऐकत असे, आणि त्याला जोडून ‘आपल्या मंडळांना हे सात जन्मांत जमायचे नाही’ हेही ठरलेले असे. मी पुण्याच्या एका पेठेतल्या गणेश मंडळात वाढलेला माणूस आहे. वर्गणीच्या पावत्या फाडण्यापासून विसर्जनाच्या रात्री मूर्तीच्या गाड्याभोवती दोर धरून चालण्यापर्यंत सगळी कामे मी केली आहेत, त्यामुळे हे बोलणे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

करोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये गिओनच्या मिरवणुका निघाल्या नव्हत्या. २०२२ मध्ये त्या पुन्हा निघणार होत्या आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी सीमा उघडल्यावर त्याच वर्षी मी जपानला पोहोचलो होतो. मोठे रथ उभारायला १० जुलैला सुरुवात होते. त्या वर्षी तो रविवार होता. शिजो रस्त्यावर जाड तुळयांचा सांगाडा उभा राहत होता आणि त्यात एकही खिळा नव्हता. सगळे सांधे भाताच्या पेंढ्याच्या दोराने बांधतात. एकाने दोर ओढून धरायचा, दुसऱ्याने लाकडी मोगरीने ठोकून तो वेढ्यावर वेढा घट्ट बसवायचा, असे काम शांतपणे चालले होते. पूर्ण झालेल्या सांध्यावरचे वेढे इतके एकसारखे होते की फुलपाखराच्या पंखांसारखी नक्षी दिसत होती. ही नक्षी शोभेसाठी असली तरी दोर मात्र शोभेसाठी नाही. काही रथांचे वजन १२ टनांच्या आसपास असते, उंची शेंड्यापर्यंत सुमारे २५ मीटर, आणि चालताना बसणारे हादरे खिळ्यापेक्षा दोरच चांगले सोसतो. आमच्या मंडळाचा मांडव घालणारे कारागीर बांबूला काथ्या आवळताना हेच सांगत असत. मी तिथे दुपारपर्यंत उभा होतो. एक वयस्कर गृहस्थ तरुणाने बांधलेला सांधा हाताने चाचपून पाहत होते. त्यांनी तो सोडवला आणि पुन्हा बांधायला लावला. तरुणाने एक शब्द न बोलता तो पुन्हा बांधला. मला त्या रविवारी दिसलेली शिस्त ही अशी होती: कोणीतरी शिकवलेली, कोणीतरी तपासलेली आणि दर जुलैत नव्याने केलेली.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी कंदिलांनी उजळलेले रथ पाहिले आणि रविवारी, म्हणजे १७ तारखेला, शिजो आणि कावारामाची या रस्त्यांच्या चौकात उभा राहिलो. रथांची चाके वळत नाहीत. त्यामुळे चौकात चाकांखाली फोडलेल्या हिरव्या बांबूच्या पट्ट्या अंथरून त्यांवर पाणी मारतात आणि रथाच्या पुढच्या बाजूला हातपंखे घेऊन उभ्या असलेल्यांनी हाक दिली की दोर बाजूला ओढून अख्खा रथ सरकवतात. एका ओढीत काटकोन होत नाही. पुन्हा पट्ट्या, पुन्हा पाणी, पुन्हा हाक. लोक टाळ्या वाजवतात त्या यासाठी, आणि त्या योग्यच आहेत.

रथांवरची वस्त्रेही जवळून पाहा. कांकोहोको या रथाच्या दर्शनी भागी बायबलमधल्या कथेचे, मूळचे १६व्या शतकातले फ्लेमिश विणकाम आहे, तर त्सुकिहोकोचा दर्शनी गालिचा मूळचा १७व्या शतकातला भारतीय आहे. क्योतोतल्या अशा काही गालिच्यांचे मूळ अभ्यासक थेट आपल्या दख्खनमध्ये शोधतात. सागरी व्यापारातून आलेली ही मौल्यवान वस्त्रे, ज्या वस्तीचा रथ तिथल्या व्यापाऱ्यांनी विकत घेऊन देवाच्या रथाला लावली आणि त्यांच्या वारसांनी ती आजवर जपली.

‘रक्तातली शिस्त’ या म्हणण्याला माझे उत्तर ताकायामा हा रथ आहे. १८२६ मध्ये वादळी पावसात खराब झाल्यानंतर तो मिरवणुकीतून बाहेर पडला. मधल्या काळात त्या वस्तीने रथावरच्या मूर्ती उत्सवात मांडून पूजा चालू ठेवली, पुढे रथ नव्याने उभा केला आणि २४ जुलै २०२२ रोजी, १९६ वर्षांनी, तो मिरवणुकीत परतला. हे रक्ताने होत नाही. त्यासाठी पैसा, सुतार, बैठका आणि चिकाटीने पाठपुरावा करणारी माणसे लागतात, आणि अशी माणसे आपल्या मंडळांतही आहेत. त्यांना जन्मजात नालायक ठरवणाऱ्यांनी एकदा तरी मांडवाचा बांबू उचलावा.

काही गोष्टी तरीही सांगायला हव्यात. मध्य क्योतोतल्या जुन्या वस्त्यांत आता रहिवासी कमी आणि कार्यालये जास्त आहेत, त्यामुळे दोर ओढायला स्वयंसेवक आणि विद्यार्थी लागतात. तुमचे विद्यापीठ अशी नावे घेत असेल तर जरूर द्या. काही रथांवर स्त्रियांना आजही चढू देत नाहीत. रथांजवळ विकतात ती ‘चिमाकी’ म्हणजे पानांचा ताईत असतो; ती खायची नसते, ती दारावर लावायची असते. १६ तारखेच्या संध्याकाळी गर्दीचा त्रास होतो, भरपूर होतो, आणि उकाडा कोकणातल्या मे महिन्याइतका असतो. फक्त एकच रविवार हाती असेल आणि तो २४ जुलैलाच येत असेल तर दुसरी मिरवणूक निवडा; तेव्हा रथ कमी असतात, पण खाण्याचे गाडे लागत नाहीत आणि मोकळेपणाने पाहता येते.

मंदिरांचे म्हणाल तर फुशिमी इनारी रात्रंदिवस उघडे असते आणि तिकीट नसते, पहाटे जा. बाकीची मंदिरे वर्षभर तिथेच आहेत. शनिवार-रविवारीच होणारा उत्सव हवा असेल तर सप्टेंबरमध्ये ओसाकाजवळच्या किशिवादाला दांजिरी पाहायला जा. तिथे लाकडी रथ धावत वळवतात, म्हणून वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहू नका.