ग्रासकटर पाळायचेत? आधी गवताचं बघा

घानात टेचिमानजवळ शेती करताय, ससे आहेतच, सोबत ग्रासकटर (मांसासाठी पाळतात तो गवत खाणारा, कुरतडणारा मोठा प्राणी) पाळावेत का आणि पुढेमागे ही जात सांगलीकडे नेता येईल का, असं तुम्ही विचारलंय. शेवटचं आधी सांगतो: तो विचारही नको. हा प्राणी उसाचा वैरी. 'केन रॅट', म्हणजे उसातला उंदीर, हे त्याचं दुसरं नाव उगाच पडलेलं नाही. एक जोडी सुटली तर सांगलीकर तुमचं नाव काढतील, फक्त चांगल्या अर्थाने नाही. (दिसतो घुशीसारखा, पण नात्याने साळिंदराच्या जवळचा.)

सशांची सवय असलेला माणूस इथे हिशेबात फसतो. ससा महिन्याभरात वितो. ग्रासकटरची मादी १५२ दिवस गाभण असते, म्हणजे पाच महिने! वेताला सरासरी चार पिल्लं, दूध तुटायला महिना-दीड महिना. वर्षाला दोन वेतं मिळाली तरी खूप झालं. पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात, लगेच पळायला लागतात. ते बघून हुरळायला होतं, पण पहिला पैसा हातात यायला दीड वर्ष धरा.

म्हणून म्हणतो, एक पावसाळा नुसतं गवत लावा. गिनी गवत आणि हत्ती गवत, म्हणजे आपलं नेपियर. पातीपेक्षा जाड दांडा यांना जास्त आवडतो. कापलेलं गवत लगेच टाकायचं नाही, एक दिवस सावलीत सुकवायचं. माझ्या पहिल्याच वर्षी कामावरच्या पोराने पावसात कापलेला भारा तसाच आत ढकलला. सकाळी तीन माद्या पोट टम्म फुगून आडव्या पडलेल्या, त्यातली एकच वाचली. दोष पोराचा नाही, मी सांगितलंच नव्हतं.

खरी परीक्षा हरमॅटनची. नोव्हेंबर ते मार्च कोरडा वारा सुटतो, माळ वाळतो आणि वणवे लागतात. त्यातले काही वणवे ग्रासकटरना हुसकायला शिकारीच लावतात, हा विनोद वेगळाच. त्या दिवसांत कसाव्याचे कंद, वाळवलेली सालं आणि मका साठवलेला नसेल तर निम्मा कळप कवडीमोलाने विकावा लागतो.

लाकडी पिंजरा केलात तर आतून जाळी ठोका, नाहीतर कुरतडून पसार. दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे चावायला एक कठीण लाकूड कायम आत ठेवा. उचलताना शेपूट अगदी बुडाशी धरा. मी एकदा टोकाकडे धरली आणि कातडी माझ्या मुठीत राहिली.

गावातला शिकारी जिवंत पकडलेला स्वस्तात देईल, घेऊ नका. तो माणसाची चाहूल लागली की जाळीवर नाक आपटून घेतो, खाणं सोडतो. पाळीव वंशातलेच घ्या. गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. कुमासीच्या हमरस्त्यावर शिकारी हातात उंच धरून विकतात, ते तुम्ही पाहिलंच असेल, आणि फुफूसोबतच्या (फुफू म्हणजे उकडून कुटलेल्या कंदांचा गोळा) सूपमध्ये 'अक्रांतिए', म्हणजे तिकडच्या भाषेत ग्रासकटर, म्हटलं की लोक जास्त पैसे मोजतात.

सुरुवात एक नर, चार माद्या. दोन वयात आलेले नर एकत्र ठेवलेत तर एकच उरेल. आणि नर दुसऱ्या पाळणाऱ्याकडून आणा, एकाच ठिकाणाहून पाच घेतले तर बहुतेक वेळा भावंडंच पदरात पडतात.