हिरड्यांतून रक्त येतं, प्रतिकारशक्ती वाढवायचा काढा घेऊ का? (परभणी)

नको, काढ्याने हे थांबणार नाही. हिरडी सुजते ती बहुतेक वेळा प्रतिकारशक्ती लढत असते म्हणूनच. संशोधक जॉर्ज हाजिशेंगालिस आणि सहकाऱ्यांनी २०११ पासूनच्या प्रयोगांत उंदरांवर हे फार सुंदर दाखवलंय. पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जंतू संख्येने अगदी नगण्य असतो, पण पांढऱ्या पेशींची जंतू मारायची ताकद तो काढून घेतो आणि सूज मात्र चालू ठेवतो. त्या सुजेतून झिरपणाऱ्या द्रवावर बाकीचे जंतू पोसतात, दाताभोवतीचं हाड झिजतं. ज्या उंदरांच्या तोंडात दुसरे जंतूच नव्हते, तिथे हा एकटा हाडाला काही करू शकला नाही! म्हणून इलाज हिरडीखालचा जंतूंचा थर काढण्याचाच: दंतवैद्याकडून कीटण साफ करून घ्या (संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयातही होतं), दोन वेळा मऊ ब्रश, आणि मिश्री घासत असाल तर आजच बंद. मात्र शुगर असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा अंगावर काळेनिळे डाग उठत असतील, तर आधी फिजिशियनला दाखवा.