मेडिकलच्या काउंटरवर सल्ला द्यावा का, आणि किती?

शहादा तालुक्यात नुकतेच मेडिकल सुरू केलेल्या आपल्या फार्मासिस्ट मंडळींतील एका तरुणाने विचारले आहे की, रुग्णाला औषधाविषयी चार शब्द सांगितले तर डॉक्टरांना रुचत नाही, गिऱ्हाईक घाईत असते आणि या सांगण्याचे पैसेही कोणी देत नाही. मग चिठ्ठीप्रमाणे औषध देऊन मोकळे का होऊ नये? चोपडा तालुक्यात २६ वर्षे काउंटरमागे उभा राहिलेला फार्मासिस्ट म्हणून मी सांगेन की सल्ला द्यावाच. मात्र आजाराचे निदान करणे किंवा डोस कमी-जास्त करणे याला सल्ला म्हणत नाहीत. लिहून दिलेले औषध त्या माणसाच्या जेवणाच्या वेळांत, त्याच्या कामात आणि त्याच्या इतर गोळ्यांत बसते की नाही, हे पाहणे आपले काम आहे, आणि औषध घरी जाण्याआधी ते पाहू शकणारे आपण शेवटचे असतो.

कायद्याच्या बाजूने मनात संकोच ठेवू नका. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत डोस, दुष्परिणाम, साठवण, चुकलेला डोस या गोष्टी रुग्णाला समजावून सांगणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कर्तव्यच मानले आहे. त्याचबरोबर हेही लक्षात ठेवा की, घटक तोच असला तरी डॉक्टरांनी लिहिलेल्या ब्रँडऐवजी दुसरा ब्रँड आपल्या मर्जीने देता येत नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. निंदणीच्या दिवसांत एक बाई सायंकाळी आल्या. दोन-तीन दिवसांपासून सकाळी शेतात घाम फुटतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. शुगर वाढली असेल, तर गोळी वाढवून द्या, असे त्यांचे म्हणणे होते. चिठ्ठीत ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी ‘सकाळी जेवणापूर्वी’ असे लिहिले होते. जेवण कधी करता, एवढेच मी विचारले. त्या साडेसहाला चहासोबत गोळी घेऊन शेतात निघत आणि भाकरी बांधावर बसून अकराला खात. म्हणजे शुगर वाढत नव्हती, ती खाली जात होती, आणि गोळी वाढवली असती तर बाई शेतातच पडल्या असत्या. मी तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. गोळी भाकरीच्या फडक्यात बांधून न्यायची आणि खायला बसतानाच घ्यायची, असे ठरले. शिवाय घाम फुटताच तोंडात टाकायला साखरेची पुडी जवळ ठेवायला सांगितले. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीत डोसही कमी केला. चिठ्ठी चुकीची नव्हती, पण बाईंचा दिवस कसा जातो हे कोणी विचारले नव्हते.

माझ्या हातून झालेली चूकही सांगायला हवी. एका आजींना मी बीपीची अ‍ॅम्लोडिपिन दिली आणि घरी कोणत्या गोळ्या चालू आहेत हे विचारले नाही. सरकारी दवाखान्यातून मिळालेली तीच गोळी, वेगळ्या नावाने, त्या आधीपासून घेत होत्या. पंधरा दिवसांनी पाय सुजून, चक्कर येत असताना मुलगा त्यांना घेऊन आला आणि त्याने प्लॅस्टिकची पिशवी काउंटरवर रिकामी केली, तेव्हा दोन्ही स्ट्रिप शेजारी-शेजारी पडल्या. तेव्हापासून नवी चिठ्ठी आली की घरची पिशवी दाखवायला मी सांगतोच. आपल्याकडे एकच माणूस सरकारी दवाखाना, तालुक्याचे डॉक्टर आणि जळगाव-धुळ्याचे तज्ज्ञ अशा तीन ठिकाणी जातो, त्यामुळे ही गल्लत नेहमीची आहे.

‘कळलं का?’ असे विचारू नका, कारण उत्तर ‘हो’ असेच येते. ‘घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार, ते मला सांगा,’ असे म्हणा. ‘भाऊ, हाई गोयी कव्हय लेवानी?’ (ही गोळी केव्हा घ्यायची?) असे अहिराणीत विचारणाऱ्याला अहिराणीतच सांगावे. तुमच्याकडे तर पावरी आणि भिली बोलणारे रुग्ण येतात, त्यांच्यासाठी त्या बोलीतली पाच-दहा वाक्ये शिकून घ्या. वाचता येत नसेल तर स्ट्रिपवर मार्करने सूर्य आणि चंद्र काढून द्या. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या गोळीबाबत वार ठरवून तो रुग्णाच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय पाकीट हातात देऊ नका, कारण ती गोळी रोज घेतली गेली तर जिवावर बेतते.

आपल्याकडचा उन्हाळा हा वेगळाच विषय आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा इन्सुलिन घेऊन गावी निघालेल्या माणसाला साठवणीचे सांगितलेच पाहिजे. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेले इन्सुलिन वितळवून वापरता येत नाही. फ्रिज नसेल तर घट्ट झाकणाच्या डबीत घालून ती डबी मातीच्या भांड्यात, ओल्या फडक्याखाली, सावलीत ठेवायला सांगा, आणि एका वेळी थोडेच न्यायला सांगा. याच दिवसांत ताप किंवा जुलाब होऊन कोरडा पडलेला, त्यात मूत्रपिंडाचा त्रास असलेला माणूस अंगदुखीवर डायक्लोफेनॅक मागायला येतो. त्याला ते देऊ नका, डॉक्टरांकडे पाठवा. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात कालवायचे असते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

डॉक्टरांच्या नाराजीबद्दल माझा अनुभव असा की, शंका रुग्णासमोर बोलून दाखवली तर ते दुखावतात आणि फोन करून विचारली तर आभार मानतात. छातीत दुखणे, धाप लागणे, लहान मुलाचा श्वास जलद चालणे अशा वेळी मात्र काहीही न विकता सरळ दवाखान्यात पाठवावे. पैशांबद्दल म्हणाल, तर या बोलण्याचे वेगळे पैसे मलाही कधी मिळाले नाहीत, आणि तरीही मी ते सोडणार नाही. बाजाराच्या दिवशी सर्वांशी बोलणे जमत नाही, म्हणून सुरुवातीला मधुमेहाचे, रक्त पातळ करणारी गोळी घेणारे आणि पहिल्यांदाच इनहेलर नेणारे, एवढेच रुग्ण धरा. इनहेलर तर तुमच्यासमोर एकदा ओढून दाखवायला लावा आणि त्यात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायला सांगा.