काडतुसांच्या पुंगळ्या साफ करायला टंबलर घरी बनवता येईल, की विकतचाच घ्यावा?

प्रश्नकर्ते अमेरिकेत आहेत, रेंजवर नेमबाजी करतात आणि रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरण्यासाठी साठवतात, असं प्रश्नाखाली लिहिलंय. टंबलर म्हणजे पुंगळ्या आत घालून घोळून घासणारं यंत्र. बनवा. माझं उत्तर तेवढंच. पण 'की विकतचाच घ्यावा' हे तीन शब्द मी आमच्या साडूंच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलेत की आता थोडं लांबणार.

मी ह्यूस्टनच्या बाजूला राहतो. शेजाऱ्याने घरातलं जुनं हीटिंग काढलं तेव्हा त्यातली ब्लोअरची मोटर मी मागून घेतली. मिनिटाला १७२५ फेरे, अजून दहा वर्षं चालेल अशी. ड्रमला ६ इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा, एका बाजूला चिकटवलेलं झाकण, दुसऱ्या बाजूला रबरी टोपी आणि तिच्यावर स्टीलचा क्लॅम्प. खाली दोन लोखंडी सळ्या बेअरिंगवर, सळ्यांवर रबरी नळी चढवलेली. एका सळीला पुली, पुलीला पट्टा, पट्ट्याला मोटर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांच्या शेडमध्ये पितळी बुश घोळायला बॅरल, म्हणजे फिरणारं पिंप, होतंच, त्यामुळे यात शिकण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

पहिली चाचणी रविवारी, साडू सहकुटुंब जेवायला आलेले असताना. हा पहिला मूर्खपणा. मोटरवर २ इंची पुली, सळीवर ५ इंची. ड्रम असा काही फिरायला लागला की पोरं टाळ्या वाजवायला लागली. आवाज जवळपास नाहीच. मी सगळ्यांना सांगितलं, बघा किती स्मूथ चालतोय. आमरस-पुरी झाली, वामकुक्षी झाली, चार तासांनी उघडला. पुंगळ्या गेल्या तशाच बाहेर आल्या, काळ्याकुट्ट, फक्त ओल्या. साडू म्हणाले, "यापेक्षा वॉशिंग मशीनचा स्पिन बरा, कपडे वाळतात तरी." त्या दिवसापासून त्यांच्याकडे माझ्या टंबलरचं नाव 'कोल्हापुरी मिक्सर'.

चूक कुठे झाली ते रात्री कागदावर मांडलं. १७२५ भागिले अडीच म्हणजे सळीला ६९०. नळीसकट सळी १ इंच जाड, ड्रम बाहेरून ६.६ इंच, म्हणजे ड्रमला मिनिटाला साधारण १०४ फेरे. आता ड्रमचा आतला व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि ४२.३ ला त्याने भागा. जो आकडा येईल त्या वेगाला आतला माल भिंतीला चिकटून ड्रमबरोबर नुसता गरगरतो, खाली पडतच नाही. माझ्या ड्रमसाठी तो आकडा १०८ येतो. मी १०४ वर चालवत होतो! पुंगळ्या चार तास पाळण्यात बसल्या होत्या. आवाज का येत नव्हता ते तेव्हा कळलं. नीट चालणाऱ्या टंबलरमधून पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी सळसळ यायला पाहिजे. शांत टंबलर म्हणजे बंद टंबलर.

मोटरवर दीड इंची, सळीवर १० इंची पुली टाकली. ३९ फेरे. आणि आत पीव्हीसीच्याच तीन पट्ट्या लांबीला चिकटवल्या, कारण गोल गुळगुळीत ड्रममध्ये माल उलटत नाही, घसरत राहतो. वडिलांचं बॅरल सागवानी आणि षटकोनी होतं. लहानपणी मला वाटायचं, सुताराला गोल जमलं नसेल.

दुसऱ्यांदा चालवला तेव्हा पुंगळ्या अशा निघाल्या की देवघरात ठेवाव्यात. माझं मिश्रण सांगतो. स्टीलच्या बारीक पिना सव्वादोन किलो, पुंगळ्या ९०० ग्रॅम, पाणी पावणेचार लिटर, भांड्यांचा साबण एक चमचा आणि सायट्रिक अ‍ॅसिड पाव चमचा. पाव म्हणजे पावच. आई चिंच लावून समई घासायची त्यातलंच हे तत्त्व, आंबट पदार्थ वरचा काळा थर विरघळवतो. पण जास्त घातलंत तर पितळातलं जस्त सुटायला लागतं आणि पुंगळी गुलाबी होते. गुलाबी झाली की खुशाल समजा, हात सैल सुटला.

आणि आधी पुंगळ्या निवडा हो. ९ मिमीची पुंगळी .४० मध्ये जाते, .४० वाली .४५ मध्ये (ही काडतुसांची मापं, .४० आणि .४५ इंचातली), बाहुलीत बाहुली बसवल्यासारखी. टंबलरमध्ये त्या अशा घट्ट बसतात की बाहेरची चकाचक आणि आतली तशीच काळी. निघता निघत नाहीत. माझी पकडीने सोडवताना .४० च्या तोंडाची वाट लागली होती. जुना प्रायमरही (बुडाशी बसवलेली, दारू पेटवणारी टिकली) आधीच काढा, म्हणजे त्याची खोबण धुऊन निघते. नंतर मात्र प्रत्येक पुंगळी उजेडात धरून बघायची, कारण बुडाच्या मधल्या बारीक भोकात दोन पिना एकदम शिरल्या की पाचरीसारख्या अडकतात.

साडूंनी विकतचा घेतला. चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण ते तो कोरडा चालवतात, अक्रोडाच्या टरफलांच्या भरड्यात. (हाच भरडा इथे पाळीव सरड्यांच्या पिंजऱ्यात घालायला मिळतो, तो घ्या, स्वस्त पडतो.) आणि वर चमक यावी म्हणून त्यात पितळ घासायचं अमोनियावालं पॉलिश ओततात. माझं-त्यांचं खरं भांडण इथे आहे. यंत्र कुणी बनवलं याला काय महत्त्व? पितळाला अमोनिया दाखवायचा नसतो. ब्रिटिशांच्या काळात आपल्याकडेच पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेली काडतुसं आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी घडवताना पितळात राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की चीर. पावसाळ्याच्या हंगामात व्हायचं म्हणून इंग्रजीत त्याला अजून 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात. १९२१ मध्ये त्याचं कारण छापून आलं. शंभर वर्षं झाली, साडूंपर्यंत पोचायचं आहे. त्यांच्या दोन पुंगळ्यांच्या तोंडाला चीर गेलेली मी स्वतः पाहिली. आता त्या पाच-सहा वेळा भरलेल्या होत्या आणि तेवढ्यानेही तोंड फुटतं, हे मान्य. पण मी त्यांना तसं सांगितलेलं नाही.

माझ्याकडेही सगळं आलबेल नव्हतं. रबरी टोपीचा क्लॅम्प रात्रभरात ढिला झाला. सकाळी गॅरेजमध्ये डांबरासारखं पाणी, भिंतीपर्यंत गेलेलं, आणि भिंतीशी गणपतीचं मखर ठेवलेलं. खालची सगळी कड काळी. बायको काही बोलली नाही, ते जास्त वाईट होतं. तेव्हा ड्रम आधी नुसतं पाणी भरून तासभर अंगणात फिरवा, आणि खाली कायम मोठा ट्रे ठेवा.

ते काळं पाणी म्हणजे नुसता मळ नाही हे आधी लिहायला हवं होतं. प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, उडाल्यावर ते शिसं पुंगळीत राहतं. ओल्या पद्धतीत ते पाण्यात येतं, कोरड्या पद्धतीत धूळ होऊन हवेत. घरात लहान मूल असेल तर कोरडा टंबलर घरात चालवूच नका, आणि ते पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतू नका. हातमोजे घाला, पिना गाळायची चाळणी स्वयंपाकघरातून उचलू नका. वाळवायला उन्हात पसरा. ओव्हनची घाई असेल तर ९० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नका, आणि तो ओव्हनही खाण्याचा नको. २५० च्या पुढे पितळ मऊ पडायला लागतं आणि बूड मऊ झालेली पुंगळी बंदुकीत फुटली तर टंबलर कुणाचा होता हे कुणी विचारत नाही.

अजून एक. एच-१बी वर असाल तर थांबा. त्या व्हिसावर बंदूक आणि काडतूस बाळगायला कायद्याने मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, ते वकिलाला विचारा, मला नको. आणि भारतातून कुणी वाचत असेल तर परवान्याशिवाय काडतूस भरणं हा तिथे गुन्हा आहे. हा छंद तिथे घरी करायचा नाही.

खर्चाचं राहिलं. मोटर फुकट. पाइप, बेअरिंगं, पट्टा, पुल्या चार (पहिल्या दोन वाया), पिना, आणि नवं मखर धरून साडूंच्या टंबलरपेक्षा १२ डॉलर जास्त झाले. मखर धरायचं की नाही यावर आमच्या घरात एकमत नाही.