पत्र्याआडच्या भूखंडाची घरपट्टी

प्रश्न : आमच्या प्रभागात मेट्रो स्थानकालगतचा एक मोठा भूखंड कित्येक वर्षे पत्र्याच्या कुंपणाआड पडून आहे. इमारतींवरील कर घटवून तो जमिनीच्या किमतीवर अधिक लावावा, असे महापालिकेच्या एका उमेदवाराला सुचवले, तेव्हा ‘कराचे नाव काढले की मते जातात’ एवढेच उत्तर मिळाले. हा मुद्दा कसा मांडावा? – एक वाचक, मुंबई

उत्तर : उमेदवाराचे फारसे चुकले नाही, कारण आपण त्याला मागणी ऐकवली, हिशेब दाखवला नाही. शेजारी-शेजारी असलेले सारख्याच आकाराचे दोन भूखंड कल्पा. एकावर चाळीस बिऱ्हाडांची इमारत आहे, दुसऱ्यावर गवत. मेट्रो आल्यावर दोन्ही जमिनींची किंमत वाढते, आणि ती मालकाच्या कष्टाने नव्हे, तर सार्वजनिक पैशाने. महापालिकेचे एकूण उत्पन्न तेवढेच ठेवून कराचा भार जमिनीकडे सरकवला, तर इमारतीखालच्या जमिनीचा कर चाळीस जणांत वाटला जातो आणि गवताच्या मालकाला तो एकट्याने भरावा लागतो. सोसायटीच्या सभेत सिद्धान्त सांगत बसण्यापेक्षा ही दोन बिले फळ्यावर मांडावीत.

मात्र नगरसेवकाकडे त्याच्या हाती नसलेली गोष्ट मागू नये. मुंबईत २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या बाजारभावाशी जोडलेल्या किमतीवर आकारला जातो. त्याचा पाया रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने जाहीर केलेला जमीन-मालमत्तेचा दर असल्याने जमिनीची किंमत त्यात काही अंशी येतेच. परंतु मोकळ्या जागेचे मूल्य तिच्यावर पुढे होऊ शकणाऱ्या बांधकामाचा अंदाज घेऊन ठरवणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्दबातल ठरवले आणि जागेची आजची स्थितीच विचारात घ्यावी, असे म्हटले. आपल्या मागणीचे मर्म नेमके तिथेच अडते, म्हणून कायद्यात दुरुस्ती हवी आणि ती विधिमंडळच करू शकते. नगरसेवकाने सभागृहात तसा ठराव मांडून तो राज्य सरकारकडे पाठवण्याचे वचन द्यावे, इतकेच मागावे.

अमेरिकेतील पिट्सबर्गचे उदाहरण द्याल, तर ते अर्धवट देऊ नका. तेथे १९१३ च्या कायद्यानुसार इमारतींवरील दर टप्प्याटप्प्याने उतरवत १९२५ पर्यंत जमिनीवरील दराच्या निम्म्यावर आणण्यात आला. पुढे काउंटीच्या (तेथील जिल्हा प्रशासनाच्या) रखडलेल्या फेरमूल्यांकनात जमिनींच्या किमती एकाएकी चढल्या, घरमालक संतापले आणि २००१ मध्ये ही पद्धत गुंडाळली गेली. माझ्या मते घात दराने नव्हे, रखडलेल्या मूल्यांकनाने केला. म्हणून नियमित आणि सर्वांना तपासता येईल असे मूल्यांकन ही मागणी दराच्या आधी ठेवावी.

‘जुन्या बैठ्या घरात एकट्या राहणाऱ्या आजींनी कर कुठून भरायचा?’ हा प्रश्न सभेत हमखास येईल आणि तो रास्त आहे. अशांचा वाढीव कर घरावर बोजा म्हणून नोंदवून विक्रीच्या वेळी किंवा घर वारसाकडे जाताना वसूल करावा, हे कलम ठरावाच्या मसुद्यातच घालावे. विरोधकांनी विचारण्याची वाट पाहू नये.